गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याआधी वीजबिल कसे वाचावे
सौरऊर्जा चांगली, हे बहुतेकांना मान्य असते; अडते ते पैसे कधी वसूल होणार या प्रश्नावर, आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्या वीजबिलात अधिक नेमके सापडते.

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून वर्षाची सरासरी काढावी, केवळ मे महिन्याचा आकडा धरू नये. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो, त्यामुळे सौर संच आधी सर्वांत महाग युनिटे वाचवतो. ज्यांचा वापर १०० युनिटांच्या आतच आहे, त्यांनी घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत कुठवर सरकते, हे स्वतः गच्चीवर जाऊन पाहावे, कारण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादन लक्षणीय घटवते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र हे अनुदान संच सुरू झाल्यावरच खात्यात जमा होते.

बिल शून्यावर येईल, या आश्वासनावर विसंबू नये. स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय बॅटरी नसलेला, ग्रीडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सार्वजनिक जाळ्याला जोडलेला संच वीज गेल्यावर सुरक्षेसाठी बंद होतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.