बोनेअरला डायव्हिंगला निघालात? या चुका टाळा

तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला डायव्ह करून आलेल्या माणसाला विचारा, पाण्याखाली कसं वाटलं. मासे, रंग, बुडबुडे, सगळं रंगवून सांगेल. आपला हवेचा टँक सगळा वेळ इन्स्ट्रक्टरने मागून धरून ठेवला होता, हे मात्र सांगायचं राहून जातं. बोनेअरला तुमचा टँक कुणी धरत नाही. रिसॉर्टमधून टँक उचलायचे, पिकअप ट्रकच्या मागे टाकायचे, रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडावर साइटचं नाव वाचून गाडी थांबवायची आणि आपल्या बडीबरोबर, म्हणजे डायव्हमधल्या जोडीदाराबरोबर, चालत समुद्रात शिरायचं. गाइड नाही, बोट नाही, वेळापत्रक नाही. अशा खुणा केलेल्या ऐंशीहून अधिक साइट या बेटावर आणि समोरच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेअरवर आहेत. डायव्हर तिथे जातात ते या मोकळीकीसाठीच, आणि गोत्यात येतात तेही तिच्यामुळेच. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच चुका कोरड्या जमिनीवर होतात.

घरून निघण्याआधी

बोनेअर कॅरिबियनमध्ये, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. त्यामुळे 'शेंगेन व्हिसा आहे, म्हणजे काम झालं' असं अनेकजण गृहीत धरतात. तसं नाही. राज्य डच असलं तरी हे बेट शेंगेन क्षेत्रात येत नाही. त्याचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत. काही पासपोर्ट-व्हिसाधारकांना सूट मिळते, पण ती आपल्याला लागू होते का हे डच सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर तिकीट काढू नका. चलन युरो नाही, अमेरिकी डॉलर आहे. प्रवेश कर आणि मरीन पार्कचं, म्हणजे बेटाभोवतीच्या संरक्षित समुद्राचं, शुल्क दोन्ही आधीच ऑनलाइन भरता येतात. ते भरून त्याची प्रत फोनमध्ये ठेवली, की उतरल्यावर रांगेत उभं राहावं लागत नाही.

दुसरी चूक प्रमाणपत्राची. किनाऱ्यावरच्या अर्ध्या तासाच्या डायव्हनंतर फोटोबरोबर मिळणारा कागद म्हणजे डायव्हिंगचं लायसन्स नव्हे. बोनेअरला स्वतंत्र डायव्ह करायचे तर किमान ओपन वॉटर हा प्राथमिक कोर्स पूर्ण केलेला हवा. तो तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत करा, अंदमानात करा किंवा जिथे राहता तिथल्या पोहण्याच्या तलावात सुरू करा, पण करूनच जा. सुट्टीचे पहिले तीन-चार दिवस वर्गात आणि सरावात घालवण्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. कोर्स होऊन दोन-तीन वर्षं पाण्यात उतरला नसाल, तर निघण्याआधी एक रिफ्रेशर घ्या.

विम्याचं कलम वाचा, आणि तेही बारीक अक्षरातलं. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात, किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. डायव्हिंगचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या. आणि चार्जर तपासा. बेटावरची वीज १२७ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे. फक्त २३० व्होल्टवर चालणारा टॉर्चचा चार्जर तिथे शोभेची वस्तू ठरतो.

पहिल्या दिवसाची घाई

पार्कच्या नियमाप्रमाणे पहिला डायव्ह हा ओळखीचा, म्हणजे चेक-आउट डाइव्ह असतो. रिसॉर्टच्या जेट्टीवर नियम समजावून सांगतात आणि मग तिथेच, हाउस रीफवर, म्हणजे रिसॉर्टसमोरच्या प्रवाळाच्या रांगेवर, पाण्यात उतरायचं. अनेकजण हा उपचार म्हणून उरकतात. 'बघितलं, चला आता मोठ्या साइटवर.' हीच खरी वजनं जुळवायची वेळ असते.

वेटच्या, म्हणजे पाण्यात बुडण्यासाठी अंगावर लावायच्या वजनांच्या, बाबतीत आपल्याकडे एक ठरलेली चूक होते: शिकताना दिलेलं वजन आयुष्यभर तेच धरायचं. पोहण्याच्या तलावातलं पाणी गोडं, इथलं खारं. तुमचा वेटसूट बदलला, वजन बदललं, टँक बदलला. बेटावर बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमचे टँक मिळतात. भरलेला असताना असा टँक बुडतो, हवा संपत आली की तरंगायला लागतो. फरक साधारण अडीच किलोंचा. म्हणून डायव्हच्या सुरुवातीला सगळं छान वाटतं आणि शेवटी पाच मीटरवर सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, करताना माणूस फुग्यासारखा वर जातो. उपाय सोपा आहे. टँकमध्ये ५०० पीएसआय, म्हणजे साधारण ३५ बार दाब उरलेला असताना, बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) रिकामं करून, नेहमीसारखा श्वास घेऊन पाण्यात उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत असेल आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली जात असाल, तर वजन बरोबर. भराभर खाली गेलात तर एक किलो काढा. जास्त वजन लावलेला माणूस सतत बीसीडीत हवा भरतो-सोडतो, हवा लवकर संपवतो आणि पाय खाली टाकून कोरलला लाथा मारतो.

हो, आणि गेज, म्हणजे टँकमधला दाब दाखवणारी तबकडी. भारतात शिकलेल्यांना बारची सवय असते, अमेरिकेत शिकलेल्यांना पीएसआयची. ३००० पीएसआय म्हणजे साधारण २०० बार. बडीशी एकाच भाषेत बोला.

ट्रक, रस्ता आणि किल्ली

वाहतूक उजव्या बाजूने, बेटावर एकही सिग्नल नाही, आणि रस्त्यात केव्हाही गाढवं येतात. गाढवांना हॉर्नचं काही वाटत नाही. ट्रक बहुधा मॅन्युअल गिअरचे असतात. अमेरिकेत ऑटोमॅटिकवर वाढलेल्या पुढच्या पिढीला आधीच विचारून घ्या.

उत्तरेकडच्या किनाऱ्याचा रस्ता एका टप्प्यानंतर कार्पाटाच्या दिशेने एकेरी होतो. साइट मागे राहिली तर वळता येत नाही, रिंकोन गावावरून मोठा वळसा पडतो. निघतानाच नकाशावर क्रम लावा.

साइटवर गाडी लावल्यावर आपला स्वभाव सांगतो: काचा बंद, दार लॉक, पाकीट सीटखाली. बोनेअरला याच्या उलट करायचं असतं. डायव्हर तासभर पाण्याखाली असणार हे चोरालाही ठाऊक असतं. म्हणून तिथले जुनेजाणते गाडी रिकामी ठेवतात, काचा खाली, दार उघडं. फोन, पासपोर्ट, पैसे रिसॉर्टच्या तिजोरीत. काच फुटली तर तिचा खर्च तुमचा, आणि आत काही नव्हतं हे कळण्याआधीच ती फुटलेली असते. किल्ली मात्र बरोबर न्या, बीसीडीच्या आतल्या खिशात अडकवून. रिमोटची किल्ली खाऱ्या पाण्यात मरते, तेव्हा गाडी बुक करतानाच साधी धातूची किल्ली मागा.

पाण्यात शिरताना आणि बाहेर येताना

माझ्या मते इथली सगळ्यात जास्त दुखापत करणारी चूक हीच. खोलवर काही होत नाही, गुडघाभर पाण्यात होतं. किनाऱ्यावर वाळू कमी, तुटक्या कोरलचे गोटे आणि धारदार खडक जास्त. पोहण्याच्या तलावातले पातळ बूट चालत नाहीत. जाड तळव्याचे बूट आणि त्यांवर चढवायचे पट्ट्याचे फिन्स (पोहण्याचे पंख) हवेत. फिन्स काठावर घालून उलटं चालायचा हट्ट करू नका. कमरेपर्यंतच्या पाण्यात जा, बीसीडीत हवा भरा, बडीचा खांदा धरा, मग घाला. उतरण्याआधी दोन मिनिटं नुसती लाट बघा. बाहेर येताना शेवटच्या दहा पावलांत घाई होते, आणि टँक पाठीवर असलेला माणूस तोंडावर पडला तर हात टेकवून सावरत नाही. लाट मोठी असेल तर अगदी उथळ पाण्यात येईपर्यंत रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, तोंडातच ठेवा. गरज पडली तर रांगत बाहेर या, कुणी हसत नाही.

एरवी वारा पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिम किनारा शांत असतो. कधीतरी वारा उलटतो आणि त्याच किनाऱ्यावर लाटा आपटायला लागतात. त्या दिवशी ट्रक फिरवायचा आणि जेवायला जायचं. 'एवढ्या लांब आलोय' हे कारण समुद्राला सांगून उपयोग नसतो.

'थाउजंड स्टेप्स' या प्रसिद्ध साइटला हजार पायऱ्या नाहीत, सत्तरच्या आसपास आहेत. उतरताना नाव अतिशयोक्ती वाटतं. ओला वेटसूट आणि टँक घेऊन चढताना वाटत नाही.

पाण्याखाली गोंधळ झाला तर

वाट चुकणं: रीफ साधारण दहा मीटरवर उतरायला लागते आणि किनाऱ्याला समांतर जाते. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे जाताना रीफ डाव्या खांद्याला, परतताना उजव्या. तरीही लोक आपल्या एंट्रीच्या पुढे निघून जातात, कारण उतरताना मागे वळून पाहिलेलं नसतं. मुरिंगचा (बोट बांधायचा) दोर, एखादा मोठा स्पंज, वाळूचा पट्टा, अशी एक खूण लक्षात ठेवा आणि तिथली खोली वाचून ठेवा. प्रवाह आधी तपासा (बोया, म्हणजे पाण्यावरचा तरंगता गोळा, कुठे कलतोय ते बघा) आणि पहिल्यांदा प्रवाहाच्या विरुद्ध जा. दमल्यावर परतताना तोच प्रवाह तुम्हाला घरी आणतो.

कान: दुखायला लागल्यावर नाक धरून हलकेच फुंकून कानातला दाब जुळवायचा, हा उलटा क्रम आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरच सुरुवात करा आणि पहिल्या काही मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला करा. उघडला नाही तर जोर लावू नका, मीटरभर वर या. सर्दी असेल तर गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर खाली असतानाच उतरला की वर येताना हवा कानात अडकते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत होणारी कानदुखी वेगळी: कानाची पाळी ओढल्यावर दुखतं तो बाहेरच्या कानाचा संसर्ग, सतत ओलाव्यामुळे होणारा. कानाला दडा बसल्यासारखं वाटतं, ऐकू कमी येतं, तो दाबाचा मार. दोन्हींत डायव्ह थांबवा, पण डॉक्टरांना नेमकं काय ते सांगा.

मास्क: गळतो म्हणून पट्टा आवळायचा, आणि आवळल्यावर आणखी गळतो. पट्टा सैल करा, केस बाहेर काढा. मिशीवाल्यांनी नाकाखालची एक बारीक रेघ भादरावी. मिशीच्या अभिमानापेक्षा कोरडं नाक बरं. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, टूथपेस्टने दोन-तीनदा घासल्याशिवाय धुकं जात नाही.

'हिल्मा हूकर' हे ७२ मीटर लांबीचं जहाज १२ सप्टेंबर १९८४ ला बुडालं. त्यात लपवलेला गांजा सापडल्यावर ते जप्त झालं होतं. आता ते एका कुशीवर, सुमारे ३० मीटर खोल वाळूत पडलं आहे. पाणी इतकं स्वच्छ की खोलीचा अंदाज येत नाही, आणि १८ मीटरची परवानगी असलेला ओपन वॉटर डायव्हर बघता बघता २८ वर पोचतो. त्याने जहाजाची वरची बाजू बघावी, तीही पुरेशी आहे. आत शिरू नये. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) वापरत असाल तर टँकमधला ऑक्सिजन स्वतः मोजा, दुसऱ्याच्या सहीवर विसंबू नका. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाची नेहमीची मर्यादा सुमारे ३४ मीटर आहे.

रात्रीच्या डायव्हमध्ये माणसाएवढे टार्पन मासे तुमच्या मागून येतात आणि तुमच्या टॉर्चच्या झोतात दिसलेली छोटी मासळी झडप घालून गिळतात. घाबरून हवा संपवू नका. पण एखाद्या झोपलेल्या माशावर झोत धरून ठेवलात, तर त्याचा घास तुम्हीच वाढलात म्हणून समजा.

नियम जे लोक सल्ला समजतात

मरीन पार्क १९७९ पासून आहे आणि त्याचे नियम गंभीर आहेत. हातमोजे बंद, नांगर टाकणं बंद. मेलेला कोरल किंवा शिंपलासुद्धा उचलायचा नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून तिथे विकता येत नाही, तेव्हा घरून तसली ट्यूब नेऊ नका. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, सगळ्यात स्वस्त. २०२३ मध्ये कठीण कोरलला मारणारा एक वेगाने पसरणारा रोग बेटावर आढळला. म्हणून साइट बदलताना सामान जंतुनाशकात बुडवायला सांगतात, ते करा. नुसत्या गोड्या पाण्यात खळबळून होत नाही.

पैसे वसूल करण्याचा आजार

पॅकेजमध्ये 'कितीही टँक' लिहिलेलं असतं. मग दिवसाला पाच डायव्ह, आठवडाभर. शरीरात नायट्रोजन साठत जातो (वर येताना त्याचेच बुडबुडे होऊन दुखणं येतं), वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, आणि संध्याकाळी बिअर. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, पिण्यालायक आहे. बाटली भरून ट्रकमध्ये ठेवा. आठवड्याच्या मध्ये एक अर्धा दिवस कोरडा घ्या.

डायव्हनंतर खांदा किंवा कोपर दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळा थकवा जाणवला, तर 'टँक उचलून दुखत असेल' असं म्हणून झोपू नका. रिसॉर्टला लगेच सांगा आणि ऑक्सिजन मागा. बेटाची राजधानी क्रालेंडाइकमध्ये हायपरबेरिक चेंबर, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देऊन उपचार करायची खोली, आहे. बरं वाटावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरणं हा उपाय नव्हे.

परतीचं विमान दुपारचं असेल, तर आदल्या दुपारनंतर डायव्ह नाही. अनेक दिवस डायव्ह केल्यावर उड्डाणाआधी किमान १८ तास, आणि मी म्हणेन २४, कारण विमानातला दाब सुमारे दोन-अडीच हजार मीटर उंचीएवढा असतो. तो रिकामा दिवस आधीच ठरवून टाका, नाहीतर शेवटच्या सकाळी कुणीतरी 'एकच उथळ डायव्ह' म्हणतंच. वॉशिंग्टन स्लाखबाय राष्ट्रीय उद्यान पाहा, किंवा दक्षिणेच्या मिठागरांकडे जा. पेकेलमेअरला फ्लेमिंगो दिसतात, आणि वाटेत गुलाम मजुरांच्या ठेंगण्या झोपड्या आहेत, ज्यांत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. दरम्यान बीसीडी आणि वेटसूट वाळतात, बॅगेचं वजनही कमी होतं.

घरी पोचल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांत वरच्यापैकी काही जाणवलं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात डायव्हिंग केल्याचं सांगा, आणि डायव्ह कॉम्प्युटर बरोबर न्या. खोली, वेळ, शेवटचा डायव्ह, सगळं त्यात असतं.