स्टेनलेसचं वेल्डिंग: अँपिअरचा नॉब फिरवण्याआधी या चुका टाळा

बेळगावात उद्यमबागेतल्या शेडमध्ये एमएसवर (साध्या माइल्ड स्टीलवर) हात बसलेला वेल्डर स्टेनलेसवर आला की पहिली चूक अँपिअरमध्येच होते. ३०४ स्टेनलेस, म्हणजे नेहमीच्या वापरातला प्रकार, उष्णता एमएसच्या साधारण एक तृतीयांशच पुढे नेतं आणि तापल्यावर एमएसच्या दीडपट प्रसरण पावतं. उष्णता जोडापाशीच कोंडते, पत्रा वाकतो.

बरं, नुसते अँपिअर कमी करूनही भागत नाही. हाताचा वेग तितकाच महत्त्वाचा. १२ व्होल्ट, १२० अँपिअर आणि मिनिटाला १०० मिमी वेग धरला तर दर मिमीला सुमारे ०.८६ किलोज्यूल उष्णता जाते. तेच हात रेंगाळून ५० मिमीवर आला तर १.७३. मीटरवरचा आकडा मात्र हलत नाही!

माझी स्वतःची चूक सांगतो. ८ मिमीच्या ३०४ प्लेटचा, आम्लाच्या टाकीचा तळ जोडला होता. डिलिव्हरीची घाई, म्हणून पासवर पास (वेल्डच्या थरावर थर) मारत गेलो, मधे थांबलोच नाही. काम चकचकीत झालं, टणकपणाही मूळ प्लेटच्या जवळपास आला. वर्षाच्या आत बीडपासून, म्हणजे वेल्डच्या रेघेपासून, चार-पाच मिमी अंतरावर, बीडला समांतर बारीक छिद्रांची रेघ उमटली आणि टाकी झिरपू लागली.

झालं असं की बीडच्या कडेचा पट्टा ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये फार वेळ राहिला. त्या तापमानात कार्बन ग्रेनच्या (धातूतल्या बारीक कणांच्या) सीमांवर जाऊन क्रोमियमला धरतो. सीमेलगतचं क्रोमियम १२ टक्क्यांखाली उतरलं की आम्ल तिथूनच शिरतं. टणकपणाच्या चाचणीत हे दिसत नाही, म्हणून फक्त तेवढ्या आकड्यावर काम पास करू नका. शंका असेल तर तुकडा कापून एएसटीएम ए२६२ या मानकातली ऑक्झॅलिक आम्लाची चाचणी करून घ्या. दोन पासांमध्ये जॉब १५० अंशांखाली येऊ द्या. टेम्परेचर चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) जवळ ठेवा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

आमच्याकडचा पोरगा एकदा विचारत होता, "मामा, पाणी मारू काय? कडक व्हईल की." ३०४ पाण्याने कडक होत नाही. उलट जास्त उष्णतेने ग्रेन वाढतात, आणि कोल्ड रोल्ड (थंड असताना लाटून कडक केलेला) पत्रा असेल तर बीडशेजारी तो मऊ पडतो. ४१० या दुसऱ्या स्टेनलेसची गोष्ट वेगळी. तो थंड होताना मार्टेन्साइट (पोलादाची फार कडक रचना) बनून काचेसारखा ठिसूळ होतो, त्याला आधी २०० ते ३०० अंश तापवा आणि सावकाश निवू द्या. ४३० या आणखी एका स्टेनलेसमध्ये वाढलेले ग्रेन नंतर भट्टीत घालूनही बारीक होत नाहीत.

फिलरही (जोडात वितळवून भरायची तार) हाताला लागेल तो घेऊ नका. ३०४ ला ३०८एल वापरला की वेल्डमध्ये थोडा डेल्टा फेराइट (लोखंडाच्या रचनेचा एक प्रकार) राहतो, साधारण ३ ते ८ टक्के. तोच गरम भेगा, म्हणजे वेल्ड गोठताना पडणाऱ्या भेगा, रोखतो.

त्या टाकीचा खराब पट्टा शेवटी कापून काढला. जागी ३०४एल घातला, त्यात कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. प्रत्येक पासनंतर चॉक टेकवून पाहिला आणि अँपिअर, व्होल्ट, वेळ जॉबकार्डावर लिहिले. बीड गवती पिवळ्या रंगाचा आला.