बांगड्याचा तवा फ्राय आणि आगळाचा झटपट रस

सुरमई-पापलेटचा भाव ऐकून मी बऱ्याचदा दोन पावलं पुढे सरकते आणि बांगड्याच्या पाटीपाशी थांबते. पश्चात्ताप अजून तरी झालेला नाही. बांगडा अंगचा तेलकट मासा, त्यामुळे तव्यावर कोरडा पडत नाही. आणि त्या तेलकटपणाला आंबट काहीतरी हवंच असतं, म्हणून सोबत आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या अर्काचा, रस. एकीकडे कुकर लावला तर भात होईपर्यंत सगळं आटपतं.

दोघांना मध्यम आकाराचे ३ बांगडे पुरतात. घेताना कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर हवा आणि पोट दाबल्यावर बोट रुतता कामा नये. बांगडा उन्हात किंवा बर्फाशिवाय तासन् तास राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते, चेहरा लाल होतो. तेव्हा शंका आली तर त्या दिवशी अंड्याची पोळी करा. साफसफाई कोळीणमावशींकडूनच करून घ्या.

घरी आल्यावर मासे धुऊन दोन्ही बाजूंना तिरक्या तीन-तीन चिरा पाडा, काट्याला सुरी लागेपर्यंत. पाऊण चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि १ चमचा आगळ चोळून १५ मिनिटं ठेवा. आगळ मुळातच खारट, त्यामुळे मिठाचा हात आखडताच बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: मासे टिपून कोरडे करा. १५ मिनिटांत त्यांना पाणी सुटलेलं असतं. ते तसंच राहिलं तर रवा ओला होऊन तव्यातच गळून पडतो. स्वच्छ फडक्याने टिपा आणि मग २ चमचे मालवणी मसाला चिरांमध्ये भरा. आलं-लसूण वाटण मी माशाला लावत नाही, तव्यावर करपून कडवट लागतं. अर्धी वाटी बारीक रवा आणि २ चमचे तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात मासे घोळवा, पण तवा तापल्यावरच. आधी घोळवून ठेवू नका.

बिडाचा किंवा लोखंडी तवा चांगला तापवून ३ मोठे चमचे तेल घाला. मासा सोडल्यावर चर्र आवाज यायला हवा. मग आच मध्यम करा आणि उलथनं खाली ठेवा, हातात राहिलं की राहवत नाही. एकदा पाहुण्यांसमोर घाईने उलटायला गेले, तर अर्धी साल तव्यालाच राहिली. ताटात जे वाढलं त्याला मी ‘बांगड्याचा कीस’ म्हणून वेळ मारून नेली. साधारण ५ मिनिटांनी कडा तांबूस होतात आणि मासा आपणहून तवा सोडतो. हलवून बघा, सरकला तरच उलटा. दुसरी बाजूही तेवढाच वेळ. चिरेतलं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटायला लागलं की झालं.

रस मात्र लोखंडी तव्यात करू नका. आगळाच्या आंबटपणाने तो काळवंडतो आणि त्याला लोखंडाची चव येते. स्टीलच्या छोट्या कढईत तव्यावरचंच चमचाभर तेल घ्या, करपलेला रवा न येऊ देता. त्यात ५ लसूण पाकळ्या सालासकट ठेचून, १ उभी चिरलेली मिरची आणि असतील तर ३-४ तिरफळं (माशाच्या कालवणात घालतात ती सुकी मसाल्याची फळं), बिया काढून जराशी चेचून. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की अर्धी वाटी नारळाचा घट्ट रस आणि चिमूटभर मीठ. पाकिटातलं नारळाचं दूधही चालतं. मंद आचेवर नुसती वाफ दिसेपर्यंत ढवळा, उकळी येऊ देऊ नका. गॅस बंद केल्यावर दीड चमचा आगळ घाला. फिकट गुलाबी रंग येतो. आगळ नसेल तर ५-६ कोकमं पाव वाटी कोमट पाण्यात आधीच भिजत घाला आणि पिळून तेच पाणी वापरा.

रस माशावर ओतू नका, रवा मऊ पडतो. ताटलीत आधी रस, त्यावर बांगडा. उरलेला रस परत गरम केला तर फुटतो, तो तसाच गरम भातावर घ्या. तिरफळं तेवढी बाजूला काढा, दाताखाली आलं तर जीभ मिनिटभर बधिर.