मिनी-आयटीएक्स बोर्ड बसवताय? या चुका टाळा

मिनी-आयटीएक्स बोर्ड म्हणजे १७० मिलिमीटरचा चौरस. २००१ साली व्हिया कंपनीने हे माप आणलं तेव्हा त्यावरचे प्रोसेसर अगदी कमी वीज खाणारे होते. आज त्याच चौरसावर १०५ वॉटचा एएमडीचा रायझन प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या, दोन एम.२ एसएसडी आणि भलंमोठं ग्राफिक्स कार्ड बसतं. जागा तेवढीच राहिली, सामान वाढलं. मोठ्या कॅबिनेटमध्ये एखादी केबल लावायची राहिली तर नंतर हात घालून लावता येते. इथे त्याच केबलसाठी कार्ड काढा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सैल करा, कूलर उतरवा आणि प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवीन लावा, एवढं सगळं करावं लागतं.

खालचं बरंचसं एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डांबद्दल आहे. इंटेलला जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

पहिल्यांदा चालू केल्यावर दोन मिनिटंही न थांबणं

या चुकीची सगळ्यात जास्त चीड येते, कारण मुळात बिघाड काहीच नसतो.

डीडीआर५ रॅम नवीन लावली की बोर्ड आधी 'मेमरी ट्रेनिंग' करतो. कोणत्या वेगाला, कोणत्या टायमिंगला प्रत्येक पट्टीशी बिनचूक देवाणघेवाण होते, हे तो तपासून पक्कं करतो. तोवर पडदा काळाच राहतो. पंखे फिरत असतात आणि बोर्डाच्या कडेचा 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा लागलेला असतो. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांना बहुतेक वेळा एक-दोन मिनिटं लागतात. पट्ट्या ४८ जीबीच्या असतील तर वेळ बराच वाढतो. मधेच मशीन स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू झाली तरी काळजी नको, तो त्याच कामाचा भाग आहे.

आता घाई काय करते बघा. दुरुस्तीला आलेल्या एका मशीनची ही हकीकत आहे. मुलाने स्वतः जोडणी केली, चालू केलं, चाळीस सेकंदांत 'डिस्प्ले नाही' म्हणून बटण दाबून बंद केलं. डीरॅमचा दिवा दिसला म्हणून रॅमवर संशय घेतला. पट्ट्यांची अदलाबदल केली, की ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू. पुन्हा मिनिटभरात बंद. मग सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बोर्डाच्या सगळ्या सेटिंग पुसल्या, आणि ट्रेनिंग परत पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. शेवटी प्रोसेसर नीट बसला नसेल म्हणून कूलर काढला, प्रोसेसर उचलला आणि परत ठेवताना तो एका कोपऱ्यावर निसटला. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, एकूण १७१८. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिलं की सगळ्या पिनांची चमक एकाच दिशेला ओळीने दिसते. या सॉकेटमध्ये एका कोपऱ्यात चार पिनांची चमक उलट्या दिशेला होती. सकाळी बोर्डात काही दोष नव्हता, संध्याकाळी होता. पिना वाकलेल्या असल्या की कंपन्या साधारणपणे वॉरंटी देत नाहीत.

माझी सवय अशी की पहिल्यांदा चालू केलं की घड्याळ बघायचं आणि पंधरा मिनिटं बटणाला हात लावायचा नाही. पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तर एकच पट्टी ठेवायची. ती कोणत्या स्लॉटमध्ये, हे मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. पुन्हा पंधरा मिनिटं. रॅमचा 'एक्स्पो' वेग, म्हणजे पट्टीच्या खोक्यावर छापलेला जादा वेग, पहिल्याच दिवशी चालू करू नका. आधी साध्या वेगाला विंडोज टाका, दोन दिवस चालवा, मग एक्स्पो चालू करा. दरवेळी सुरू व्हायला वेळ लागत असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' असतं, ते जुनं ट्रेनिंग लक्षात ठेवतं. मात्र ते चालू केल्यावर मशीन अधूनमधून अडकू लागली तर बंद करा आणि सुरुवातीचा उशीर सोसा.

सॉकेटचं प्लॅस्टिक झाकण आधीच काढणं

ते झाकण काढायचं नाही. प्रोसेसर ठेवा, वरची धातूची पट्टी खाली आणा, दांडी दाबा, झाकण आपोआप उडून बाहेर येतं. ते फेकूही नका. बोर्ड वॉरंटीत परत द्यायची वेळ आली तर सॉकेटवर ते लागतंच.

बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये घालणं

लहान बोर्डात क्रमाला फार किंमत आहे. बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांचा दुसरा एम.२ स्लॉट मागच्या बाजूला असतो. बोर्ड बसवून चार स्क्रू आवळल्यावर हे आठवलं तर सगळं परत बाहेर काढावं लागतं. प्रोसेसरची ८ पिनची केबल वरच्या कोपऱ्यात असते, आणि कूलर बसला की तिथे बोट जात नाही.

बाहेरच, टेबलावर, या क्रमाने काम करा: प्रोसेसर, रॅम, पुढची आणि मागची एम.२ एसएसडी, कूलर, मग २४ पिन आणि ८ पिनच्या केबल. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करू नका, ती स्थिर वीज वाहून नेण्यासाठीच बनवलेली असते. चालू करायला बटणाची गरज नाही. कॅबिनेटच्या समोरच्या बटणांसाठी असलेल्या ९ पिनच्या हेडरवरच्या (बोर्डावर उभ्या पिनांच्या गटातल्या) ६ आणि ८ नंबरच्या पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की झालं. बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांना स्वतःचं ग्राफिक्स असतं, पण नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर नसतं. इंटेलच्या 'एफ' प्रोसेसरांचंही तेच. अशा वेळी त्या एचडीएमआयवर डिस्प्ले येणारच नाही. बोर्ड खराब म्हणून बदलायला नेण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा.

बायोस अपडेट याच वेळी उरका. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. फ्लॅशबॅकच्या बटणाने (पडदा न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस टाकायची काही बोर्डांवरची सोय) करणार असाल तर फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच हवं, एक अक्षर चुकलं तरी अपडेट सुरूच होत नाही. यूपीएस नसेल तर अपडेट करू नका. वीज मधे गेली आणि बोर्डाला फ्लॅशबॅक नसेल तर चिप बाहेरून प्रोग्राम करून घ्यायचा खर्च पडतो.

रायझर केबल 'ऑटो' वर सोडणं

छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बहुधा बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसतं आणि मधे दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल असते. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारी रायझर बऱ्याचदा पीसीआयई (कार्ड आणि बोर्डामधल्या जोडणीचं प्रमाण) तिसऱ्या पिढीची, आणि कार्ड-बोर्ड चौथ्या पिढीचे. तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेन सेकंदाला ८ गिगाट्रान्स्फरने चालते, चौथ्यात १६ ने. केबलमध्ये चिप नसते, त्यामुळे 'मला एवढा वेग झेपत नाही' हे ती सांगू शकत नाही. बोर्ड आणि कार्ड आपापसात बोलून चौथी पिढी ठरवतात आणि केबल मधे गडबड करते.

त्याची लक्षणं फसवी असतात. कधी पडदा काळाच राहतो. कधी विंडोज उत्तम चालतं आणि गेम सुरू केल्यावर पाच मिनिटांत पडदा जातो. लोक मग ड्रायव्हर बदलतात, एसएमपीएस बदलतात, कार्ड वॉरंटीला पाठवतात, आणि कार्ड 'ठीक आहे' म्हणून परत येतं. विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टिमच्या नोंदींत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' (WHEA-Logger), इव्हेंट १७ अशा ओळींची रांग दिसली तर आधी रायझर तपासा.

उपाय म्हणजे बायोसमध्ये १६ लेनच्या स्लॉटचा वेग 'ऑटो' वरून 'जेन ३' करणं. त्याने बहुतेक गेममध्ये फरक जाणवतही नाही. पडदाच येत नसेल तर मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावून बायोसमध्ये जा. प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तर कार्ड थेट स्लॉटमध्ये लावूनच ही सेटिंग करावी लागते. म्हणून 'एफ' प्रोसेसर आणि रायझर असेल तर टेबलावरच्या चाचणीतच जेन ३ करून ठेवा. आणखी एक: सीमॉस क्लिअर केलं किंवा बायोस अपडेट केलं की ही सेटिंग पुन्हा ऑटोवर जाते. चांगली चालणारी मशीन अपडेटनंतर 'मेली' असं वाटतं ते यामुळे. आणि रायझर कधीही कागदासारखी घडी घालून दाबू नका, गोलाई ठेवून वळवा.

जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावणं

मॉड्युलर केबलचं (एसएमपीएसपासून सुटी होणाऱ्या केबलचं) बोर्डाकडचं टोक ठरलेलं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतंही प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. केबल अगदी घट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन साटाच्या डिस्क एका क्षणात उडतात. 'आधीची केबल आत ओवलेलीच होती, काढायचा कंटाळा आला' एवढ्यासाठी लोकांनी वर्षांचे फोटो घालवलेत. एसएमपीएस बदलला की त्याची प्रत्येक केबल बदला. उरलेल्या केबल पिशवीत भरून वर मॉडेलचं नाव लिहा.

प्रोसेसरची ८ पिन आणि ग्राफिक्सची ८ पिन दिसायला सारख्या असल्या तरी खाचा वेगळ्या असतात. प्रोसेसरची ४+४ अशी सुटते, ग्राफिक्सची ६+२. जोर लावावा लागत असेल तर चुकीची केबल हातात आहे.

अर्थिंगविना 'स्थिर वीज काढणं'

कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा, हा सल्ला सगळे देतात. तो तेव्हाच खरा, जेव्हा एसएमपीएसची तीन पिनची वायर भिंतीच्या बोर्डात आहे, भिंतीवरचा स्विच बंद आहे, आणि त्या पॉइंटला अर्थिंग खरोखर पोचलेलं आहे. आपल्याकडचा स्विच फेज तोडतो, अर्थ जोडलेलाच राहतो, म्हणून ही पद्धत चालते. पण जुन्या घरांत तिसरं भोक नुसतंच असतं. चालू मशीनच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचंच लक्षण. इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्या, मग बोर्डाची पिशवी उघडा.

कूलरचा अंदाज चुकणं

तळाची पारदर्शक फिल्म काढायला विसरणं ही जुनीच चूक, एम.२ च्या हीटसिंकच्या पॅडलाही ती असते. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये कूलरच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या १२०० मध्ये ७५ होतं. जुना कूलर नव्या किटशिवाय जबरदस्तीने बसवू नका.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उष्णता. ३७ मिलिमीटर उंचीच्या कूलरवर १०५ वॉटचा रायझन लावला की तो ९५ अंशांना जाऊन चिकटतो. १०५ वॉट हे नावापुरतं, सॉकेटमधून तो १४२ वॉटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये ६५ वॉटचा 'इको मोड' लावा, मर्यादा ८८ वॉटवर येते आणि रोजच्या कामात वेग फारसा कमी होत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच चाळीशीला असते. तिथे बंद छोट्या कॅबिनेटमध्ये इको मोड मी आग्रहाने लावायला सांगतो.

थोडक्यात उरलेल्या

मागची आयओ पट्टी (पोर्टांभोवतीचा पत्रा) आधी बसवा, आणि तिची पत्र्याची जीभ लॅनच्या पोर्टमध्ये घुसली नाही ना हे बोर्ड आवळण्याआधी बघा.

बोर्डाला भोकं चारच. मोठ्या कॅबिनेटमध्ये लावत असाल तर खालचे जास्तीचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खांब) काढा, ते मागून शॉर्ट करतात.

पडलेला स्क्रू सापडल्याशिवाय चालू करू नका. कॅबिनेट उलटं करा, हलवा, आवाज ऐका.

३ पिनची ५ व्होल्टची रंगीत दिव्यांची पट्टी ४ पिनच्या १२ व्होल्टच्या हेडरला लावली की जळते.

समोरच्या यूएसबी ३ चा १९ पिनचा प्लग सरळ आत, सरळ बाहेर. तिरका ओढला की हेडरच्या पिना वाकतात.

वायफायच्या अँटेना लावल्या नाहीत तर ब्लूटूथचा माउससुद्धा अडखळतो.

विंडोज ११ टाकताना नव्या लॅन-वायफाय चिपचा ड्रायव्हर बऱ्याचदा आत नसतो आणि इन्स्टॉल 'इंटरनेट जोडा' वर अडकतं. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घ्या. विसरलात तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्याने काम पुढे सरकतं.