उबुंटूची आवृत्ती निवडताना या चुका टाळा

उबुंटू ही लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेताना बहुतेक जण समोर दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी मोठा आकडा निवडतात आणि पुढच्या कटकटींची सुरुवात तिथेच होते. हा आकडा केवळ प्रकाशनाची तारीख सांगतो: २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल आणि २४.१० म्हणजे त्याच वर्षाचा ऑक्टोबर. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यांपैकी सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती 'एलटीएस' (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी) असते व तिला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांच्या वाट्याला मात्र जेमतेम नऊ महिने येतात.

मुदत संपली तरी संगणक पूर्वीसारखाच चालत राहतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काही कळत नाही. पुढे कधीतरी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'अ‍ॅप्ट अपडेट' ही सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारी आज्ञा चालवल्यावर ४०४ची ('सापडले नाही' अशी) त्रुटी येऊ लागते आणि मग इंटरनेट, राउटर, प्रॉक्सी असे सगळे तपासून होते. प्रत्यक्षात त्या आवृत्तीची पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवलेली असतात. पॅकेजे कुठून आणायची हे लिहिलेल्या सोर्सेसच्या फाइलमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता घालून पुढच्या आवृत्तीवर जाता येते. पण दोन-तीन आवृत्त्या मागे पडल्या असतील, तर बॅकअप घेऊन थेट एलटीएस नव्याने बसवण्यातच शहाणपण आहे.

एलटीएस वापरणाऱ्यांची घाई निराळी असते. २४.०४ ही २०२४च्या एप्रिलमध्ये आली, तरी २२.०४वर असलेल्यांना अपग्रेडची सूचना लगेच दिसली नाही, कारण ती २४.०४.१ (त्याच आवृत्तीची पहिली दुरुस्त प्रत) आल्यानंतरच दिली गेली. नव्या एलटीएसची अशी पहिली प्रत येईपर्यंत जबरदस्तीने अपग्रेड करू नये. ज्यांच्याकडे २४.०४ आधीपासून आहे, त्यांनी २४.०४.१साठी सगळे पुन्हा बसवण्याचीही गरज नाही, नेहमीचे अपडेट पुरतात.

कुबुंटू, झुबुंटू आणि लुबुंटू यांचा पाया उबुंटूचाच आहे, फक्त डेस्कटॉप वेगळा आहे; मात्र त्यांच्या एलटीएसला पाचऐवजी तीन वर्षेच आधार मिळतो, हे क्वचितच कोणी पाहते. सर्व्हर आवृत्ती बसवल्यावर काळ्या पडद्यावर नुसते लॉगिन दिसले, तर इन्स्टॉलेशन बिघडलेले नसते. तिच्यात ग्राफिकल डेस्कटॉप मुळातच नसतो. 'एएमडी६४' हे फाइलचे नाव वाचून इंटेल प्रोसेसरवालेही उगाच बिचकतात, ती फाइल इंटेल आणि एएमडी दोघांनाही चालते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी मात्र एआरएम प्रोसेसरची फाइल लागते.

शेवटची चूक सर्वांत चिवट आहे. २२.०४चे सांकेतिक नाव 'जॅमी' आणि २४.०४चे 'नोबल', तरीही जुन्या लेखातली 'जॅमी' असलेली रिपॉझिटरीची (पॅकेजांच्या साठ्याच्या पत्त्याची) ओळ 'नोबल'मध्ये सर्रास चिकटवली जाते आणि पॅकेजांची अवलंबित्वे (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) अडकून बसतात. अशा वेळी एकेक पॅकेज जबरीने बसवत न बसता आधी ती ओळ काढावी, यादी ताजी करावी आणि त्याच रिपॉझिटरीत 'नोबल'साठी वेगळी शाखा आहे का, ते पाहावे.