बीट, कांदा झुबक्यानेच लावा, विरळणी नको

बीटचं बी म्हणून जो खडबडीत दाणा मिळतो ना त्यात मुळातच 2-4 बिया असतात, त्यामुळे एका जागी तीन-चार रोपं येतात आणि मग आपण एक ठेवून बाकीची उपटतो, मला तर ते बघवतच नाही! राहू द्या सगळी. थंडीच्या तोंडावर ट्रेच्या एका कप्प्यात बीटचे 2 दाणे नाहीतर कांद्याच्या 5-6 बिया टाका, बीटची रोपं बोटभर झाली की अख्खा झुबका मुळं न सोडवता तसाच लावा, दोन झुबक्यांत फूटभर अंतर मात्र हवंच. गड्डे एकमेकांना बाजूला ढकलत फुगतात. काढताना सगळ्यात मोठा गड्डा हलकेच पिळून ओढायचा, बाकीचे वाढत राहतात. गाजर मात्र ट्रेत नको, मुळाला फाटे फुटतात.