शीट फिल्मसाठी लिक्विड डेव्हलपर घेताय? या चुका टाळा

शीट फिल्म म्हणजे रोलऐवजी एकेक सुटी येणारी मोठी फिल्म, आणि डेव्हलपर म्हणजे तिच्यावर चित्र उमटवणारं रसायन. ते निवडताना आधी ते ग्रेन ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) करणं सोडा. ३५ एमएमवाल्यांकडून ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं असतं की रोडिनल हा डेव्हलपर म्हणजे जाडाभरडा ग्रेन, त्यापेक्षा फाइन ग्रेनवालं काहीतरी घेऊ, पण ४×५ इंचाच्या शीटवरून ८×१० ची प्रिंट काढली तर निगेटिव्ह मोठं होतं फक्त दुप्पट, तेच ३५ एमएमचं होतं आठपटीच्या वर, मग ग्रेन दिसणार कुठून? शीटवाल्याने बघायचं ते वेगळंच. एका शीटच्या वाट्याला कॉन्सन्ट्रेट (बाटलीतलं पाणी न घातलेलं डेव्हलपर) किती येतं, डेव्हलपमेंटला टाइम किती मिळतो आणि उघडलेली बाटली किती टिकते.

यातलं पहिलं मला चांगलंच नडलं. ४×५ ची चार शीटं म्हणजे ८० चौरस इंच, म्हणजे ३६ एक्स्पोजरच्या एका रोलएवढी फिल्म, आणि ८×१० चं एकच शीट तेवढंच भरतं. माझा चार शीटांचा टँक ४७५ मिलीचा, त्यात मी रोडिनल १+१०० ने (१ भाग कॉन्सन्ट्रेटला १०० भाग पाणी) घातलं, स्वस्तात होतंय म्हणून खूश. हिशेब केला असता तर कळलं असतं की आत जेमतेम पावणेपाच मिली कॉन्सन्ट्रेट गेलंय. एका रोलमागे ५ मिली ही बरेच जण शेवटची पायरी धरतात आणि सावध माणसं १० घालतात. निगेटिव्ह कसे आले, तर सावलीतल्या दगडांचा तपशील नीट आणि उजेडातला भाग मात्र फिका, मेलेला. मी दोन आठवडे लाइट मीटरला शिव्या घालत होतो! खरं तर खूण सोपी आहे, सावल्या कोऱ्या असतील तर एक्स्पोजर कमी पडलंय, सावल्या बऱ्या आणि हायलाइट (उजेडातले भाग) अशक्त असतील तर डेव्हलपमेंट कमी पडलीये. आता मी १+५० च करतो, त्याच टँकमध्ये ९ मिलीच्या वर जातं आणि एफपी४ प्लस या फिल्मला २० डिग्रीला १५ मिनिटं मिळतात, निवांत.

आणि १+५० म्हणजे १ भाग कॉन्सन्ट्रेट अधिक ५० भाग पाणी, एकूण ५१. रोडिनलला एवढ्याने फरक पडत नाही पण डीडी-एक्स या डेव्हलपरच्या १+४ ला नक्की पडतो, तिथे एकूण भाग पाच, चार नाही.

दुसरी चूक आपल्याकडच्या उन्हाळ्याची. एचसी-११० या डेव्हलपरचं डायल्युशन (पाण्याचं प्रमाण) बी, म्हणजे १+३१, एचपी५ प्लस फिल्मला २० डिग्रीला ५ मिनिटंच सांगतं. मे महिन्यात नळाचं पाणी २८ च्या पुढे असतं, एका डिग्रीला साधारण दहा टक्के टाइम कापत गेलात की हातात तीन मिनिटंसुद्धा उरत नाहीत. ट्रेमध्ये सहा शीटं अंधारात एकाखालून एक काढून वर ठेवायची, एक फेरी व्हायला अर्धं मिनिट, म्हणजे अख्ख्या डेव्हलपमेंटमध्ये चार-पाच फेऱ्या. राजगडाच्या माझ्या सहाही शीटांवर आकाशात ढगाळ डाग आले, आणि त्या दिवशी ढगच नव्हते. पाच मिनिटांच्या खालचा टाइम शीटला धरूच नका. डायल्युशन वाढवा, १+६३ ने टाइम साधारण दुप्पट होतो (कॉन्सन्ट्रेटचा हिशेब इथेही बघायचाच), नाहीतर बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या घमेल्यात ट्रे ठेवा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका हो, डायल्युशनची वाट लागते.

एचसी-११० चं जुनं सिरप काकवीसारखं घट्ट असायचं, नवीन पातळ आहे. घट्टवालं मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने हळूच ओढा, घाई केली की हवेचा बुडबुडा येतो आणि तुम्ही १५ मिली समजून १३ च घालता. सिरिंजच्या आत चिकटलेलं राहतं तेही मोजलेलंच आहे, म्हणून ज्या पाण्यात मिसळताय त्याच पाण्यात दोन-तीनदा सिरिंज भरून रिकामी करा.

बाटलीचं बोलायचं तर रोडिनलचा फॉर्म्युला १८९१ पासूनचा, आज वेगवेगळ्या नावांनी मिळतो, चहापेक्षा काळा झाला तरी वर्षानुवर्षं चालतो. इल्फोसोल ३ हे डेव्हलपर तसं नाही, उघडल्यावर काही महिन्यांत संपवा, महिन्याला चार शीटं काढणाऱ्याने ते घेऊच नये असं माझं मत.

आणि शंका असली तर ३५ एमएमच्या लीडरचा (रोलच्या सुरुवातीला बाहेर असणाऱ्या, उजेड लागलेल्या पट्टीचा) तुकडा घ्या, बाथरूमचा दिवा चालू ठेवूनच तयार डेव्हलपरमध्ये अर्धा बुडवा, ठरलेल्या टाइमपर्यंत हलवत राहा. बुडालेला भाग काळाकुट्ट झाला तरच दिवा बंद करून शीटांचा होल्डर उघडा.